पंचविशीनंतर युरोपची गाडी मिळते का?

प्रश्न : आमच्या नाक्यावर रोज संध्याकाळी एकच वाद. अर्धे म्हणतात, फुटबॉलपटू संदेश झिंगन अठ्ठाविसाव्या वर्षी क्रोएशियाला गेला, म्हणजे वय आड येत नाही. बाकीचे म्हणतात, अठराच्या आत पोरगं पाठवलं तरच जमतं, नंतर विसरा. माझा आतेभाऊ २६ वर्षांचा, मुंबईच्या लीगमध्ये खेळतो. आमच्या मामांचं स्पेनच्या तेनेरिफ बेटावर दुकान आहे आणि एक एजंट पैसे घेऊन तिथे ट्रायल लावून देतो म्हणतोय. खरं काय?
— एक वाचक, उल्हासनगर कॅम्प २

उत्तर : आजच्या चहाचे पैसे दोन्ही गटांनी निम्मे निम्मे द्यावेत.

आधी ‘अठराच्या आत’वाल्यांचं बघू. फिफाच्या नियमाप्रमाणे १८ वर्षांखालच्या खेळाडूची परक्या देशातल्या क्लबकडे नोंदणीच होत नाही. अपवाद मोजके; आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी त्या देशात राहायला गेले, तर होते. म्हणजे एकटं पोरगं पाठवून उपयोग नाही, अख्खं बिऱ्हाड हलवावं लागेल. उलट पंचविशी उलटण्याचा एक फायदा आहे आणि तो कुणी सांगत नाही. खेळाडू २३ वर्षांचा होतो त्या हंगामापर्यंत त्याला घेणाऱ्या परदेशी क्लबला त्याच्या जुन्या क्लबांना प्रशिक्षणाची भरपाई द्यावी लागते. त्यानंतर ती कटकट संपते. तुमच्या आतेभावाला घेताना हा खर्च कुणाला पडणार नाही.

पण झिंगनचं उदाहरण देणाऱ्यांनी पुढची गोष्टही सांगावी. ऑगस्ट २०२१ मध्ये तो शिबेनिक क्लबकडे गेला, सरावात पोटरी दुखावली आणि जानेवारी २०२२ मध्ये एकही सामना न खेळता मोहन बागानकडे परतला. त्याच्याआधी सुनील छेत्री. २००९ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी त्याचं जमलं होतं, पण भारत फिफा क्रमवारीत पहिल्या सत्तरात नव्हता म्हणून वर्क परमिट मिळालं नाही. पुढे २०१२ मध्ये, सत्तावीस सरताना, तो लिस्बनच्या स्पोर्टिंगकडे गेला. ‘ब’ संघातून तीन सामने खेळला आणि वर्षभरात घरी आला. गोलरक्षक सुब्रत पाल सत्ताविशीत डेन्मार्कच्या वेस्तशेलान क्लबमध्ये गेला, तिथेही बस्तान बसलं नाही. बायचुंग भुतिया इंग्लंडच्या बरी क्लबमध्ये टिकला, गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधू नॉर्वेच्या स्टाबेककडून २०१६ मध्ये युरोपा लीगच्या पात्रता सामन्यात खेळला. पण दोघेही गेले तेव्हा बाविशीत होते.

तर वयाने दार बंद होत नाही, फक्त आत गेल्यावर जम बसवायला वेळ कमी उरतो. विशीतल्या पोराला क्लब एक हंगाम बाकावर बसवून शिकवतो. सत्ताविशीतला परदेशी म्हणजे तयार माल, पहिल्या महिन्यात उपयोगी पडला पाहिजे. भाषा, थंडी, वेगवान खेळ आणि एखादी पोटरी, एवढ्यात हंगाम संपतो.

खरी अडचण वयाहून जास्त पासपोर्टाची आहे. स्पेनच्या वरच्या दोन विभागांत युरोपबाहेरच्या खेळाडूंना ठरावीक जागा असतात. लॅटिन अमेरिकेतल्या खेळाडूला तिथे दोन वर्षं राहिल्यावर नागरिकत्व मागता येतं आणि मग तो त्या मोजणीतून सुटतो. भारतीयाला त्यासाठी दहा वर्षं लागतात. क्लब कुणाला घेईल, तुम्हीच सांगा. नेदरलँड्समध्ये युरोपबाहेरच्या खेळाडूला किमान पगार इतका द्यावा लागतो की तेवढ्यात क्लब आपल्या घरचे दोन खेळाडू सांभाळेल. गोव्याच्या काही पोरांना आजोबांमुळे पोर्तुगालचा पासपोर्ट मिळू शकतो, पण तो घेतला की भारतीय नागरिकत्व जातं आणि भारताची जर्सीही.

इंग्लंडचं तर विचारू नका. ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब २०१० पासून पुण्याच्या वेंकीजवाल्यांचा आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव, २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला, तिथे सराव करून आला आणि परतल्यावर जमशेदपूरकडून खेळू लागला. मालक पुण्याचा असला तरी वर्क परमिट काही पुण्यातून निघत नाही.

एक कारण आपल्या घरचंही आहे. आयएसएलने चांगल्या खेळाडूला इतके पैसे दिले की युरोपातल्या लहानशा क्लबमध्ये जाणं म्हणजे पगार कापून घेणं झालं. घरी नाव, गाडी, जाहिराती आणि तिथे बाकावरची जागा, कोण जाईल? २०२५ मध्ये ही लीगच लटकली तेव्हा अनेकांना पहिल्यांदा हिशेब उलटा मांडावा लागला असेल.

तुमच्या नाक्यावर बायकांच्या फुटबॉलचं कुणी नाव काढत नसणार. काढा. मणिपूरची बाला देवी तिशीला काही दिवस उरले असताना, जानेवारी २०२० मध्ये, ग्लासगोच्या रेंजर्सशी करार करून गेली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिने गोलही केला. उशिरा जाऊन कामगिरी दाखवली ती तिनेच.

आणि मामांवरून आठवलं. १९३६ मध्ये कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम ग्लासगोच्या सेल्टिकमध्ये पोचला, तोही नातेवाइकाच्या ओळखीने. वय तिशीपार, पायात बूट नाहीत, नुसत्या पट्ट्या. राखीव संघाकडून दोन सामने खेळला, लोक खूश झाले, क्लबला तो हवा होता. पण घरची ओढ लागली आणि स्वारी परत. भारतीय उपखंडातून युरोपच्या क्लबकडून खेळणारा हा पहिला खेळाडू, आणि तोही तिशीनंतर गेलेला.

आता तुमचा आतेभाऊ. पर्यटक व्हिसावर पगारी करार होत नाही. राहण्याचा रीतसर परवाना मिळाला तर बेटावरच्या एखाद्या हौशी क्लबकडून खेळता येईल. त्यासाठी आपल्या फुटबॉल महासंघाकडून हस्तांतराचा दाखला तिकडच्या महासंघाकडे जावा लागतो. एजंटचं नाव फिफाच्या परवानाधारकांच्या यादीत आहे का, ते आधी बघा. ती यादी कुणालाही बघता येते. खऱ्या क्लबला खेळाडू हवा असेल तर तो पत्र पाठवतो, खेळाडूकडून आगाऊ रक्कम मागत नाही. एजंटकडे असं पत्र असलं तर त्याचा फोटो काढून मामांना पाठवा. ते तिथेच आहेत. दुपारी दुकानाचं शटर ओढून क्लबच्या ऑफिसात एक चक्कर मारली की पत्र खरं की खोटं ते त्यांना तिथल्या तिथे कळेल.