शब्दकोशातली हलती पाने : प्रतिसादी संकेतस्थळावरील विदेचे नियमन

आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगा वाहते आणि तिच्या पलीकडे विदर्भ आहे. १९५६ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद राज्यात होता. आज तो तेलंगणात आहे. इथल्या मराठीवर तेलुगू, गोंडी, उर्दू यांची छाया आहे. तिचे शेतीचे शब्द गोळा करावेत म्हणून मी विद्यार्थ्यांसह एक छोटे संकेतस्थळ उभारले. बेला, जैनथ भागांतील मुले मोबाइलवर शब्द भरत आणि तो त्याच क्षणी सर्वांच्या पडद्यावर उमटे.

अशा रचनेला इंग्रजीत ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ म्हणतात. मी ‘प्रतिसादी’ म्हणतो. मूळ विदा बदलली की तिच्यावर अवलंबून असलेले सारे आपोआप बदलते. ही कल्पना जुनी आहे. १९७९ सालच्या ‘व्हिजिकॅल्क’ या गणनपत्रकात एक रकाना बदलला की बेरीज बदलत असे. २०१२ पासून लोकांसमोर आलेल्या ‘मीटिअर’ या चौकटीने हेच जालावर सोपे केले. त्यात सर्व्हर विदा प्रकाशित करतो, ब्राउझर तिची वर्गणी घेतो आणि स्वतःजवळ तिची एक प्रत ठेवतो. प्रत बदलली की पडदा पुन्हा रेखाटला जातो. आम्ही हीच चौकट वापरली.

अडचण ‘पाते’ या शब्दाने दाखवून दिली. पुस्तकी मराठीत पाते म्हणजे गवताचे किंवा तलवारीचे. कपाशीच्या शेतात पाते म्हणजे कळी. म्हणूनच कळ्या झडण्याला ‘पातेगळ’ म्हणतात. एक विद्यार्थिनी आपल्या आजीजवळ बसून हा अर्थ उदाहरणांसह लिहीत होती. त्याच वेळी दुसऱ्या गावातील मुलाने तीच नोंद उघडून ‘पान’ असा अर्थ जतन केला. तिचा पडदा ताजा झाला आणि अर्धे लिहिलेले पुसले गेले. आजींनी पुन्हा सांगितले, पण पहिले उदाहरण त्यांना आठवले नाही. ते गेले ते गेलेच.

चूक मुलाची नव्हती, माझी होती. वाचायची विदा आणि लिहायची विदा मी एकाच दोरीला बांधली होती. त्यानंतर आम्ही तीन बदल केले.

पहिला बदल कच्च्या मजकुराचा. नोंद उघडताच तिची एक स्थिर प्रत काढायची आणि लेखन त्या प्रतीवरच करायचे. मीटिअरमध्ये शोधाला ‘रिअ‍ॅक्टिव्ह : फॉल्स’ असा पर्याय दिला की तो शोध पुढच्या बदलांना प्रतिसाद देत नाही. मात्र वर्गणीची विदा पूर्ण येण्याआधी शोध घेतला तर रिकामी प्रत हाती येते आणि ती रिकामीच राहते. म्हणून वर्गणी तयार झाल्याची खात्री आधी करावी. या पर्यायाने विदा येणे थांबत नाही. फक्त तो शोध हलत नाही.

दुसरा बदल जतन करण्याचा. स्थिर प्रत शिळी होऊ शकते. ती तशीच जतन केली तर आता दुसऱ्याचे लेखन पुसले जाईल. म्हणून प्रत्येक नोंदीला आवृत्ती-क्रमांक दिला. उघडतानाचा क्रमांक अजून तोच असेल तरच सर्व्हरने बदल स्वीकारायचा आणि क्रमांक एकने वाढवायचा. ही तपासणी आणि बदल एकाच आज्ञेत हवेत. मध्ये फट राहिली तर तिथूनच दुसरा बदल शिरतो. क्रमांक जुळला नाही तर दोन्ही मजकूर शेजारी दाखवून निर्णय माणसावर सोपवायचा.

तिसरा बदल यादीचा. अकारविल्हे यादीत नवा शब्द शिरला की वाचत असलेली ओळ खाली सरकायची. आता यादी जागच्या जागी राहते. वर ‘७ नवे शब्द आले’ अशी पट्टी दिसते आणि वाचक ती दाबेल तेव्हाच यादी ताजी होते. एकूण शब्दसंख्या मात्र जिवंतच ठेवली आहे, कारण ती हलल्याने कुणाचे काही बिघडत नाही.

नियम एवढाच : ज्यावर कुणाची नजर किंवा बोट टेकलेले आहे, ते त्याच्या संमतीशिवाय हलवू नये.

‘पाते’ या नोंदीत आता ‘पान’ आणि ‘कळी’ हे दोन्ही अर्थ गावांच्या नावांसह आहेत. तंत्राने एकाला खोडले असते तर कोश नेटका दिसला असता, पण खरा राहिला नसता.