मे महिन्यातलं मार्सेलिस

मार्सेलिस म्हटलं की मुलांना सावरकरांची ८ जुलै १९१० ची समुद्रातली उडी आठवते. भूगोलाच्या तासाला मुलांना याच बंदरावर मे महिन्यात फिरवून आणा. फ्रान्समधलं, भूमध्य समुद्राकाठचं हे शहर सुमारे २६०० वर्षं जुनं. मेअखेरीस तिथे हवा छान उबदार असते, सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. तेव्हा आपण पावसाची वाट बघत असतो. तिथे मात्र कोरडा उन्हाळा सुरू होतो. जास्त पाऊस पडतो तो शरद ऋतूत आणि हिवाळ्यात! म्हणून जूनपासून वणव्याच्या भीतीने शहरालगतच्या चुनखडीच्या डोंगरांत जायला निर्बंध असतात. 'जून म्हणजे पाऊस' हे सगळीकडे खरं नाही, ते नकाशावर दाखवा. मग विचारा, तिथल्या मुलांना छत्री कधी लागत असेल?