घरची वाइन निवळायला किती डॉलर लागतात?

नोव्हेंबर उजाडला की मला फोन यायला लागतात. "वाइन झालीय, पण गढूळ दिसतेय. कोणता फिल्टर घेऊ?" न्यू जर्सीत आमच्या ओळखीतली पाच-सहा मराठी घरं आता दरवर्षी द्राक्षं आणतात. इथल्या इटालियन कुटुंबांची ही जुनी रीत. सप्टेंबर-ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाहून ट्रकने ३६-३६ पौंडांच्या पेट्या येतात. तीन पेट्यांत सहा गॅलनचा काचेचा बुधला, ज्याला दुकानात कारबॉय म्हणतात, भरतो आणि वर एखादी बरणी उरते. फोनवर माझं उत्तर दरवर्षी तेच असतं: अजून काहीही विकत घेऊ नका.

कारण फिल्टर हे वाइन निवळायचं यंत्र नाही. निवळलेल्या वाइनला शेवटची झळाळी द्यायचं ते यंत्र आहे. एवढं एक कळलं तर तुमचे दोन-अडीचशे डॉलर वाचतील, आणि वाइनही वाचेल.

हे मी पैसे मोजून शिकले. दुसऱ्याच वर्षी दोन महिन्यांच्या पांढऱ्या वाइनला मी विजेवर चालणारं यंत्र लावलं. पहिले तीन-चार लिटर झकास आले. मग धार बारीक झाली आणि शेवटी थेंब थेंब पडू लागलं. चकत्या उघडून पाहिल्या, तर त्यांवर पिवळट, बुळबुळीत लगद्याचा थर बसलेला. चकत्या दोनदा बदलल्या आणि सगळा खेळ तीन तास चालला. तेवढा वेळ वाइन हवा खात होती. उन्हाळ्यापर्यंत तिला चिरून ठेवलेल्या सफरचंदासारखा तपकिरी रंग चढला आणि वासही तसाच यायला लागला. अठ्ठावीस बाटल्या गेल्या.

तेव्हा आधी पाहायचं ते वाइन निवळलीय का. त्याला एक टॉर्च पुरतो. खोलीत अंधार करा, बुधल्याच्या एका बाजूला टॉर्च टेकवा आणि बाजूने पाहा. वाइनमधून झोताचा पांढरट पट्टा आरपार दिसला, पहाटेच्या धुक्यात गाडीच्या दिव्याचा दिसतो तसा, तर आत कण तरंगताहेत. पट्टा जवळजवळ दिसेनासा झाला की फिल्टरचा विचार करायचा. लाल वाइन गडद असते, म्हणून ती पेल्यात थोडी काढून पाहावी.

गढूळपणाचं मूळ कुठे आहे, यावर खर्च ठरतो. बहुतेक वेळा ते नुसतं यीस्ट असतं, आणि त्याला वेळेखेरीज काही लागत नाही. कधी वाइनमध्ये कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो आणि त्याचे बुडबुडे कणांना खाली बसू देत नाहीत. बाटलीत थोडी वाइन घ्या, अंगठ्याने तोंड दाबून हलवा. अंगठा काढताना फस् झालं तर गॅस आहे. ड्रिलला लावायची ढवळणी १५ ते २५ डॉलरला मिळते. वाइन खोलीच्या उबेला आणून दोन-तीन दिवस थोडं थोडं ढवळलं की काम होतं.

सफरचंद, प्लम किंवा आंब्याची वाइन महिनोन्‌महिने धुरकट राहिली तर पेक्टिनचा संशय घ्यावा. जॅम घट्ट करणारं तेच हे पेक्टिन. चमचाभर वाइनमध्ये तीन-चार चमचे औषधाच्या दुकानातलं रबिंग अल्कोहोल घालून ठेवा. तासाभरात गुठळ्या किंवा तार दिसली तर पेक्टिन आहे. (हा नमुना विषारी असतो, तो ओतून द्यायचा.) याला फिल्टर लावणं फुकट, कारण चकत्या लगेच तुंबतात. पेक्टिक एन्झाइमची पाच-सहा डॉलरची डबी कित्येक खेपा पुरते. ती आंबवण्याआधी रसात घातली तर उत्तम.

आता खऱ्या खर्चाकडे. सगळ्यात उपयोगी खरेदी म्हणजे सायफन आणि दुसरा बुधला. आई ताकाची निवळी अलगद नितारून घ्यायची, तसंच हे. गाळ खाली बसला की वरची वाइन नळीने दुसऱ्या बुधल्यात घ्यायची. आंबवण संपल्यावर एकदा, पुढे दीड-दोन महिन्यांनी एकदा आणि वसंतात पुन्हा. दाबून सुरू होणारा सायफन १५ डॉलर, नळी ५, दुसरा काचेचा बुधला ४५ च्या आसपास, वाइन टिकवणाऱ्या पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची पुडी ४. पहिल्या वर्षी सत्तर डॉलर, पुढल्या वर्षापासून फक्त पुडीचे. मी घेतल्या त्या किमती गोल करून सांगतेय. तुमच्या दुकानात पाच-दहा डॉलर इकडे तिकडे होतील. मेटाबायसल्फाइट सहा गॅलनला पाव छोटा चमचा, एक-आड नितारणीला. घरात दमा असलेलं कोणी ही वाइन पिणार असेल तर त्यांना हे सांगून ठेवावं, सल्फाइटचा काहींना त्रास होतो.

नितारायच्या आदल्या दिवशी बुधला टेबलावर उचलून ठेवा. ऐन वेळी उचलला तर तळाचा गाळ ढगासारखा वर येतो आणि महिन्याची मेहनत दहा सेकंदांत जाते. नळीचं टोक गाळाच्या दोन बोटं वर धरा. शेवटच्या अर्ध्या लिटरचा मोह सोडा. ती वाइन छोट्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवली तर दोन दिवसांत तीही निवळते. बुधला नेहमी गळ्यापर्यंत भरलेला हवा, म्हणून वर ओतायला मागच्या वर्षीची एखादी बाटली हाताशी ठेवा.

चार महिने थांबूनही धूसरपणा राहिला तर फायनिंग करायचं. ही कल्पना आपल्याला नवी नाही. पावसाळ्यात मातीच्या रांजणात निवळीची बी घासायचे किंवा तुरटी फिरवायचे, आणि पाण्यातला गाळ तळाशी बसायचा. तत्त्व तेच: विरुद्ध विद्युतभाराचे कण एकमेकांना धरतात, जड होतात आणि बसतात. (म्हणून काही वाइनमध्ये तुरटी घालायची नाही, हे सांगून ठेवते. मला दोघांनी विचारलं आहे.) वाइनसाठी सगळ्यात स्वस्त म्हणजे बेंटोनाइट, ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली चिकणमाती. सहा गॅलनला एक ते दोन मोठे चमचे. खर्च एका खेपेला डॉलरभरही येत नाही. कपभर गरम पाण्यावर ती पिठल्याच्या बेसनासारखी भुरभुरायची आणि ढवळत राहायचं. एकदम टाकली तर ज्या गुठळ्या होतात त्या काही केल्या सुटत नाहीत. रात्रभर फुगू द्यायची, सकाळी वाइनमध्ये मिसळायची आणि दोन आठवड्यांनी नितारायची. पांढऱ्या वाइनमधल्या प्रोटीनच्या धुरकटपणावर याच्याइतकं गुणी औषध नाही. तोटा एवढाच की गाळ फुगीर बसतो आणि एक-दीड बाटली वाइन त्यात जाते.

घाई असेल तर कीजेलसॉल आणि कायटोसानची जोडपुडी मिळते, तीन-चार डॉलरला. एक ऋणभारी, दुसरं धनभारी. एक घातल्यावर तासाभराने दुसरं घालायचं. दोन-तीन दिवसांत वाइन आरशासारखी होते.

इथे शाकाहारी घरांनी थांबून वाचावं. कायटोसान बहुधा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून करतात. आयसिंग्लास माशाच्या वाताशयातून येतं, जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यातून. लाल वाइनचा तुरटपणा मऊ करायला अंड्याचा पांढरा भागही वापरतात. हे पदार्थ गाळाबरोबर खाली बसतात हे खरं, तरी कोणाच्या घरी कोणती बाटली नेतो आहोत हे यजमानाला माहीत हवं. आमच्या गणपतीनंतरच्या जेवणाला एका आजींनी थेट विचारलं होतं, "यात काय घातलंय?" त्या वर्षी फक्त बेंटोनाइट होतं, म्हणून मला सरळ उत्तर देता आलं. तेव्हापासून मी दुसरं काही वापरलेलं नाही.

आता फिल्टर. कॉफीचा कागद आणि मलमलचं फडकं डोक्यातून काढून टाका. कॉफीच्या कागदाची छिद्रं साधारण २० मायक्रॉनची, यीस्टची पेशी ५ ते १० मायक्रॉनची. ती सहज निसटते, आणि वाइनला मात्र भरपूर हवा लागते. उंचावरून आपल्या भाराने गळणारा चकतीचा फिल्टर ४० ते ६० डॉलर. काम करतो, पण हळू. पंपाचं छोटं यंत्र दोनशे ते पावणेतीनशे, आणि तीन चकत्यांचा संच दर खेपेला सहा-सात डॉलर. चकत्या तीन प्रतींत येतात. लाल वाइनला, लावायचीच तर, जाड प्रत पुरे. पांढरीला मधली. चकत्या बसवण्याआधी पाण्यात भिजवा आणि यंत्रातून चार-पाच लिटर पाणी जाऊ द्या, नाहीतर पहिल्या बाटल्यांना ओल्या पुठ्ठ्याची चव येते. खाली परात ठेवा, हे यंत्र थोडं गळतंच.

सगळ्यात बारीक चकतीवर निर्जंतुक असं लिहिलेलं असतं. त्यावर विसंबून गोडसर वाइन बाटलीत भरू नका. घरगुती चकतीतून एखाददुसरं यीस्ट सुटतंच. साखर शिल्लक असेल तर ते बाटलीत पुन्हा जागं होतं आणि बुचं उडतात, कधी बाटलीच फुटते. गोड वाइनला पोटॅशियम सॉर्बेट हवं, गॅलनला अर्धा छोटा चमचा, सल्फाइटच्या सोबत. तीन डॉलरची पुडी. जिवाणूंचं दुसरं, म्हणजे मॅलोलॅक्टिक, आंबवण झालेल्या वाइनला मात्र सॉर्बेट घालू नये, चुरगळलेल्या जिरॅनियमच्या पानांसारखा वास येतो आणि तो पुन्हा जात नाही.

यंत्राचा हिशेब असा. २५० डॉलरचं यंत्र, वर्षाला दोन बुधले, पाच वर्षं वापरलंत तर खेपेला २५ डॉलर आणि चकत्यांचे ७. बुधल्यातून हाती २८ बाटल्या येतात, म्हणजे बाटलीमागे एक डॉलर चौदा सेंट. शिवाय चकत्या एखादी बाटली पिऊन टाकतात. बेंटोनाइटला बाटलीमागे तीन-चार सेंट. वर्षाला एकच बुधला करणाऱ्याने यंत्र घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. काही दुकानं ते दिवसाच्या भाड्याने देतात, तिथे विचारावं, नाहीतर चार घरांनी मिळून एक घ्यावं.

बाटलीच्या तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर घाबरू नका. ते टार्टरचे, चिंचेच्या आंबटपणामागे जे आम्ल असतं त्याच कुळातले, आणि निरुपद्रवी. जानेवारीत बुधला दोन-तीन आठवडे थंड गॅरेजमध्ये ठेवला, शून्य सेल्सिअसच्या आसपास, तर ते तिथेच बसतात. हा उपाय फुकट आहे. थंडी फार कडक पडली तर बुधल्याला जुनी रजई गुंडाळा.

कायद्याचं एक. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे एका प्रौढाच्या घरात वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढ असले तर २०० गॅलन वाइन स्वतःपुरती करता येते; विकता येत नाही. हे वाचून पुण्या-नाशिकच्या भावंडांना कृती पाठवू नका. तिथे परवान्याशिवाय घरी वाइन करणं हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे.

या वर्षीची माझी पांढरी वाइन दोनदा नितारून झालीय. काल रात्री टॉर्च लावला, पट्टा अजून पुसट दिसतो. बेंटोनाइट भिजत घातलं आहे.