धानाची लोंबी पोचट का राहते? फुलातील फलनक्रियेचा अभ्यास

उन्हाळी धानाच्या मळणीनंतर एक तक्रार हमखास ऐकू येते. पीक हिरवेगार होते, फुटवे भरपूर होते, लोंब्या वेळेवर निसवल्या. तरीही उफणणीत पोचट धानाचा ढीग अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. गोंदिया-भंडाऱ्यापासून रायपूर-धमतरीपर्यंतच्या धानपट्ट्यात हा अनुभव नवा नाही. अशा वेळी दोष खताला, बियाण्याला किंवा किडीला दिला जातो आणि पुढील हंगामात त्या अंदाजावर खर्च वाढविला जातो. वस्तुतः पोचट धानाचे दोन वेगळे प्रकार आहेत. एकात दाणा धरलेलाच नसतो; दुसऱ्यात तो धरलेला असतो, परंतु भरलेला नसतो. पहिल्या प्रकारचे नुकसान बहुधा फुलोऱ्यातील एखाद्या सकाळी घडून गेलेले असते आणि त्यानंतर दिलेले कोणतेही खत त्यावर लागू पडत नाही. हा फरक समजण्यासाठी फुलात नेमके काय घडते ते पाहणे आवश्यक आहे.

लोंबीवरील प्रत्येक कोवळे धान म्हणजे एक स्वतंत्र फूल होय. त्याला पाकळ्या नसतात. दोन तुसांच्या आत सहा परागकोष, एक अंडाशय आणि त्यावर पिसासारख्या दोन कुक्षी असतात. अंडाशयाच्या तळाशी दोन बारीक खवले असतात. फुलण्याच्या वेळी हे खवले पाणी शोषून फुगतात आणि तुसांना बाहेर रेटतात. त्याच सुमारास परागकोषांचे तंतू भराभर लांबतात, परागकोष फुटतात आणि पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर पडतात. धान हे मुख्यतः स्वपरागीभवन करणारे पीक आहे ते याच कारणाने. साधारण सकाळी नऊ ते दुपारी बारा या वेळात हा प्रकार घडतो. एक फूल सुमारे तासभर उघडे राहून मिटते, ते पुन्हा उघडत नाही. लोंबीच्या टोकाकडील फुले आधी उमलतात व एका लोंबीचा फुलोरा साधारण आठवडाभर चालतो. तुसांबाहेर लोंबकळणारे फिकट परागकोष पाहून फुलोरा आता सुरू झाला असे अनेकांना वाटते. त्या फुलांपुरते पाहिले तर ते काम संपल्याचे चिन्ह असते.

कुक्षीवर पराग पडणे म्हणजे परागीभवन. फलन ही त्यानंतरची क्रिया आहे आणि या दोहोंत गल्लत होऊ नये. परागकण कुक्षीवरील ओलावा घेऊन काही मिनिटांतच रुजतो. त्यातून निघालेली परागनलिका कुक्षीतून अंडाशयात उतरते आणि बीजांडातील भ्रूणकोषापर्यंत पोचते. धानात या प्रवासाला फार वेळ लागत नाही. परंतु प्रवासाला निघणारा परागकण मात्र अत्यंत अल्पायुषी असतो. परागकोषातून बाहेर पडल्यावर तो काही मिनिटेच सजीव राहतो, तर कुक्षी काही दिवस पराग स्वीकारू शकते. या जोडीत नाजूक बाजू नराची आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

भ्रूणकोषात एक अंडपेशी, तिच्या शेजारी दोन सहायक पेशी, मध्यभागी दोन केंद्रके असलेली मोठी मध्यपेशी आणि विरुद्ध टोकाला प्रतिध्रुवीय पेशी असतात. परागनलिका एका सहायक पेशीत शिरून फुटते आणि दोन नरयुग्मके मुक्त होतात. एक अंडपेशीशी एकरूप होतो. त्यातून भ्रूण, म्हणजे धानाचा अंकुर तयार होतो. दुसरा मध्यपेशीतील दोन केंद्रकांशी मिळतो. त्यातून भ्रूणपोष तयार होतो. नर व मादी युग्मकांचे मीलन एदुआर्द स्ट्रासबुर्गर यांनी १८८४ मध्ये दाखविले होते. परंतु दुसऱ्या नरयुग्मकाचे काय होते, हे कोडे उलगडण्यास १८९८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी कीव्ह येथील सर्गेई नवाशिन यांनी लिली कुलातील वनस्पतींमध्ये हे दुहेरी फलन पाहिले आणि पुढील वर्षी फ्रान्सच्या लिऑन गिन्यार यांनी स्वतंत्रपणे त्यास दुजोरा दिला. सपुष्प वनस्पतींचे हे खास वैशिष्ट्य आहे.

धानाच्या अंकुरातील पेशीत २४ गुणसूत्रे असतात, तर भ्रूणपोषाच्या पेशीत ३६, कारण तेथे मातेचे दोन आणि पित्याचा एक असे तीन वाटे एकत्र येतात. तूस आणि दाण्यावरील बाहेरचे आवरण पूर्णतः मातृझाडाचे असते. फलन झाले नाही तरी तूस तयारच असते. म्हणून रिकामे धान दुरून भरल्यासारखे दिसते. आपण ज्याला तांदूळ म्हणतो तो बहुतांशी भ्रूणपोष आहे, म्हणजे आपल्या ताटात येणारा भात हे दुसऱ्या मीलनाचे फळ आहे. या पित्याच्या वाट्याचा व्यावहारिक परिणाम मका घेणाऱ्यांस ठाऊक असतो. मधुमक्याच्या शेजारी साधा मका एकाच वेळी फुलोऱ्यात आला, तर मधुमक्याच्या कणसात त्याच हंगामात पिठूळ दाणे दिसतात. परक्या परागाचा गुण दाण्यात उतरण्यास पुढच्या पिढीची वाट पाहावी लागत नाही.

धानाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निर्णायक ठरते : त्याच्या अंडाशयात बीजांड एकच असते. तुलनेसाठी वेलवर्गीय भाजी घ्यावी. रायपूरच्या समता कॉलोनीसारख्या शहरी वस्तीत अंगणात किंवा गच्चीवर लाल भोपळ्याचा वेल लावणाऱ्यांची तक्रार अशी असते की, फळ बोराएवढे होते, पिवळे पडते आणि गळते. तेथे बहुधा मधमाशांच्या अभावी मादी फुलावर पराग पोचलेला नसतो. सकाळी लवकर नरफूल तोडून त्याचे पराग मादी फुलाच्या कुक्षीवर फिरविले की प्रश्न सुटतो. भोपळ्यात किंवा काकडीत बीजांडे शेकडो असतात आणि प्रत्येकासाठी वेगळी परागनलिका लागते. काही बीजांडे रिकामी राहिली तर फळ वाकडे होते, पण काहीतरी हाती लागते. धानात अशी मधली अवस्था नाही. एक परागनलिका पोचली तर दाणा, अन्यथा पोचट.

आता तापमानाकडे वळू. फूल उघडे असताना हवा साधारण ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेली, तर तासाभराच्या उष्णतेनेही वांझपणा वाढतो. परागकोष नीट फुटत नाहीत, कुक्षीवर कमी पराग पडतात, पडलेले नीट रुजत नाहीत. स्त्रीकेसराला तुलनेने कमी इजा होते. एप्रिलमध्ये या पट्ट्यात दुपारचे तापमान ४० अंशांच्या आसपास जाते. परंतु धानाला दुपारच्या कमाल आकड्यापेक्षा सकाळी दहा-अकराचा आकडा अधिक महत्त्वाचा असतो. मार्चच्या मध्यावर निसवलेल्या पिकाला ही वेळ सुसह्य असते, एप्रिलच्या उत्तरार्धात निसवलेल्यास ती नसते. उलट पीक फार लवकर काढण्याच्या नादात पोटरीची अवस्था थंडीत सापडली, तर निसवण्याच्या आधीचे दहा-बारा दिवस, जेव्हा परागकण तयार होत असतात, रात्रीच्या थंडीने पराग वांझ निघू शकतात. त्या काळात नत्र जास्त झाले असल्यास थंडीची इजा वाढते. म्हणजे उन्हाळी धानाला थंडी आणि उष्मा यांच्यामधील एक अरुंद खिडकी मिळते. वाणाच्या कालावधीतून साधारण तीस दिवस वजा केले की निसवण्याचा अंदाज येतो. हिवाळी रोपवाटिकेत वाढ मंदावते म्हणून त्यात काही दिवस जोडावेत आणि पेरणीची तारीख त्यावरून मागे मोजून ठरवावी. कालव्याचे पाणी केव्हा सुटणार यावर हे गणित अनेकदा अडते, हे मान्य आहे. तरीही रोपवाटिका स्वतःच्या विहिरीवर वा बोअरवर आधी टाकता येते का, ते पाहावे.

फुलोऱ्यात बांधीत पाणी असणे केवळ तहानेसाठी नव्हे. पाणी मुबलक असेल तर बाष्पोत्सर्जनाने लोंबी भोवतालच्या कोरड्या हवेपेक्षा थंड राहते. याच दिवसांत पाण्याची पाळी चुकली की उष्णतेचा फटका अधिक बसतो. तसेच फुले उमलण्याच्या वेळेत फवारणी करू नये. पाण्यात परागकण फुटतात. फवारणी अपरिहार्य असेल तर ती दुपार उलटल्यावर करावी.

शेतात निदान करणे अवघड नाही. निसवल्यानंतर आठ-दहा दिवसांनी शेताच्या वेगवेगळ्या भागांतील लोंब्या घ्याव्यात, धान उजेडासमोर धरावे आणि काही धाने नखाने उघडावीत. आत अंडाशय टाचणीच्या टोकाएवढाच राहिला असेल तर फलन झालेले नाही. दाणा लांब झाला आहे पण चपटा वा कोमेजलेला आहे, तर फलन झाले आणि भरणी अडली. तेथे पाणी, अन्नद्रव्ये, सावली, करपा यांचा विचार करावा. संपूर्ण लोंबी पांढरी पडून ओढताच सहज निघत असेल तर तो खोडकिड्याचा प्रकार आहे, आणि तुसावर डाग असून दूध शोषलेले असेल तर गंधी ढेकणाचा. पहिल्या प्रकारात दाणे भरण्यासाठी म्हणून विकली जाणारी टॉनिके फवारणे म्हणजे रिकाम्या घराला पाणी घालणे होय. विस्तार कार्यकर्त्यांनी हा सल्ला देताना संकोच करू नये, कारण एकरी खर्च वाचविणारा तो सर्वांत सोपा सल्ला आहे.

वाणावाणांत फूल उमलण्याच्या वेळेत फरक असतो. ऑरायझा ऑफिसिनॅलिस या रानटी धानातील सकाळी लवकर फुलण्याचा गुण लागवडीच्या धानात आणण्याचे काम आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत झाले आहे. फुले उन्हाआधी उमलून मिटली की उष्म्याचा प्रश्नच टळतो. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी सत्तरच्या दशकात रायपूर येथे राहून छत्तीसगडातील हजारो स्थानिक धानवाण गोळा केले आणि तो संग्रह आज इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात जतन केलेला आहे. अशा स्थानिक वाणांपैकी जे अजून शेतात आहेत, त्यांचे पहिले फूल किती वाजता उघडते आणि शेवटचे केव्हा मिटते, याची नोंद फुलोऱ्याच्या दिवसांत कोणीही शेतकरी ठेवू शकतो. त्यासाठी घड्याळ, तापमापी आणि सकाळी आठपासून बांधावर बसण्याची तयारी एवढेच लागते.