कसणे आणि राखणे

बेरेशीथच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वराने आदामाला एदेन बागेत ठेवले, ते दोन कामांसाठी : बाग कसणे आणि बाग राखणे. कोकणातील आपल्या वाडवडिलांना हे दोन शब्द वेगळे करून समजवावे लागले नसते. जो शेत कसे, तोच रात्री माळ्यावर बसून त्याची राखण करी. इस्रायलमध्ये वर्गात शिकविताना आम्ही मात्र पहिल्याच शब्दावर भर दिला, हे येथे कबूल केले पाहिजे.

उदाहरण हुला खोऱ्याचे. उत्तरेस यार्देन नदीच्या वाटेवर एक उथळ तळे आणि त्याच्याभोवती पपायरस नावाच्या लव्हाळ्याची दलदल होती. 1951 ते 1958 या काळात कालवे खणून ती सुकविण्यात आली. हेतू वाईट नव्हता. हिवताप जावा, शेतीला जमीन मिळावी. आम्ही फळ्यावर तळे काढीत असू, मग ते पुसून त्या जागी शेते काढीत असू. मुले खूष होत. पुसलेल्या तळ्याचे पुढे काय झाले, हे आम्ही सांगितले नाही आणि मुलांनीही विचारले नाही.

झाले ते असे. पाण्याखाली हजारो वर्षे साचलेली, कुजक्या वनस्पतींची काळी माती उघडी पडली. हवा लागताच ती झिजू लागली, जमीन खचली, कोरड्या थरांना आतल्या आत आगी लागू लागल्या. मातीतील नायट्रेट पावसाबरोबर यार्देनमध्ये आणि तेथून किन्नेरेतमध्ये उतरू लागले. काही मासे कायमचे गेले. काळ्या पोटावर पांढरे ठिपके असलेला तेथला एक बेडूक 1996 साली नामशेष म्हणून जाहीर झाला.

हे होणार म्हणून ओरड करणारे त्या वेळीही होते. अझारिया अलोन व अमोत्स झहावी यांनी 1953 साली निसर्गरक्षणाची संस्था काढली, ती याच लढ्यातून. दलदलीचा एक कोपरा वाचला आणि 1964 साली तो देशातील पहिले राखीव निसर्गक्षेत्र ठरला. पुढे 1994 साली खोऱ्यात काही भागात मुद्दाम पाणी सोडून नवे लहान तळे केले गेले. आणि वाचकहो, 2011 साली तो 'नामशेष' बेडूक त्याच राखलेल्या कोपऱ्यात सापडला!

पण दुरुस्ती एकदाच करून भागत नाही. तळ्यावर हिवाळ्यात हजारो क्रौंच उतरू लागले. ते शेतातील पीक खातात, म्हणून त्यांना मका घालू लागले. त्यामुळे गर्दी आणखी वाढली. 2021 च्या डिसेंबरात पक्ष्यांच्या साथीत पाच हजारांहून अधिक क्रौंच मेले.

हुला आमच्या घरापासून दूर आहे, पण मोरी घरातच आहे. तू बिश्वातच्या मलिद्याला दरवर्षी आमच्याकडे प्लॅस्टिकच्या ताटल्यांचे पोते भरून कचऱ्यात जाई. यंदा आम्ही माळ्यावरची स्टीलची ताटे काढली. सुनेने नापसंती दाखविली, ती रास्तच, घासायचे कोणी? मग आम्ही स्वतः बाह्या सरसावल्या. थोरल्या नातवाने विचारले, "आजोबा, यात पाणी किती जातं?" आम्हाला उत्तर येईना. शेवटी नळ बंद केला, दोन टब मांडले आणि बादलीने मोजून पाणी ओतायला त्यालाच बसविले.