विसरलेला पासवर्ड आणि नोंदलेला मोबाईल

जव्हारजवळचे शिरपामाळ शिवछत्रपतींच्या १६६४ च्या सुरत स्वारीच्या आठवणीने ओळखले जाते. या डोंगरपट्टीतील महाविद्यालयीन विद्यार्थ्याला आज शिष्यवृत्तीसाठी ‘महाडीबीटी’ या शासकीय संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. खाते बहुधा वर्षातून एकदाच उघडले जाते. साहजिकच पासवर्ड विसरला जातो.

तो कोणीही परत सांगू शकत नाही. सुरक्षित व्यवस्थेत मूळ शब्द साठवलेलाच नसतो. त्याचे उलट न फिरवता येणारे गणिती रूप तेवढे जपलेले असते. म्हणून ‘पासवर्ड विसरलात’ हा पर्याय निवडून, नोंदलेल्या मोबाईलवर येणारा ओटीपी भरून नवाच पासवर्ड ठरवावा लागतो.

खरी अडचण येथेच उद्भवते. अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराने स्वतःचाच क्रमांक नोंदवला असेल, किंवा पालकांचे सिमकार्ड रिचार्जअभावी बंद पडले असेल, तर ओटीपी हाती येत नाही आणि अर्जाची मुदत टळते. शिक्षकांनी प्रवेशाच्या वेळीच नोंदलेला क्रमांक घरचा व चालू असल्याची खात्री करून घ्यावी. आधारशी जोडलेला क्रमांक बंद झाला असल्यास आधार केंद्रात नवा नोंदवून घ्यावा. दूरध्वनीवरून ओटीपी विचारणारा स्वतःला अधिकारी म्हणवीत असला, तरी त्यास तो सांगू नये.