ही वस्तू कशाची?

मुलांनो, दप्तरातली पेन्सिल बाकावर ठेवा. पेन्सिल कशाची असते? "लाकडाची!" बरोबर. पण लाकूड फक्त बाहेर आहे. आतली काळी कांडी कशाची? मराठीत हिला शिसपेन्सिल म्हणतात, म्हणून पुष्कळांना ती शिशाची वाटते. तिच्यात शिसे मुळीच नसते. ग्रॅफाइट नावाचा मऊ काळा पदार्थ आणि चिकणमाती मिसळून, भट्टीत भाजून ती करतात. (तरी पेन्सिल चघळू नका!)

आपले भिसेगाव कर्जत स्टेशनला लागूनच आहे. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. रूळ पोलादाचे असतात. त्यांच्या खालचे आडवे स्लीपर पूर्वी लाकडाचे असत. पावसात लाकूड कुजते, वाळवीही लागते. आता बहुतेक स्लीपर काँक्रीटचे असतात व आत पोलादाच्या तारा असतात. हे प्लॅटफॉर्मवरूनच पाहा, रुळांवर उतरू नका.

आता घरात येऊ. लग्नाच्या बिर्याणीची जुनी देग पाहिली आहे ना? बाहेरून ती तांबूस दिसते, कारण ती तांब्याची आहे. आतून मात्र पांढरी, चकचकीत दिसते. ती कल्हई. कल्हईवाला देग तापवतो, नवसागर टाकतो आणि कथील लावतो. कथील वितळते. मग कापसाच्या बोळ्याने तो ते भराभर सगळीकडे पसरवतो.

एवढी खटपट कशासाठी? दही, लिंबू, चिंच असे आंबट पदार्थ तांब्याला लागले, की तांब्याचा अंश अन्नात उतरतो. असे अन्न खाल्ले तर पोटात कळा येतात, उलट्या होतात. कल्हईमुळे अन्न तांब्याला लागत नाही. म्हणूनच दादी देग आधी आतून पाहते. पांढऱ्यात तांबूस डाग दिसला, की ती म्हणते, "आधी कल्हई, मग बिर्याणी." आता पुष्कळ देगी ॲल्युमिनियमच्या असतात. त्यांना कल्हई करत नाहीत, पण त्यांतही आंबट पदार्थ साठवून ठेवू नये.

काही शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. आपण घरी फ़ौलाद म्हणतो, मराठीत पोलाद. क़लई म्हणजे कल्हई. नौशादर म्हणजे नवसागर. अडचण येते ती लिंगाची. उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. 'काग़ज़ की किताब', पण 'कागदाचे पुस्तक'. लाकडाचा पाट, लाकडाची खुर्ची, लाकडाचे कपाट. हे पाठ करण्यापेक्षा रोज बोलावे, लवकर जमते.

स्वाध्याय

१. चा, ची, चे यांपैकी योग्य अक्षर लिहा : माती__ माठ, काच__ बाटली (काचे-), लोखंड__ दार (लोखंडा-).

२. पावसाळ्यात लाकडाचे दार फुगते. लोखंडाच्या दाराला काय होते?

३. अम्मीला विचारून घरातली पाच भांडी पाहा. ती कशाची आहेत? लोणचे कोणत्या भांड्यात ठेवतात, आणि का?